फ्रीलान्स कामाच्या जोडीला घरबसल्या येणारं उत्पन्न: सांगलीत राहून कुणाला खरंच मिळतं का?

रेघोटी | ११ सप्टेंबर, रात्री १०.४०

नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज गरज पडली म्हणून लिहितेय.

मी विश्रामबागला राहते. पुण्यातली नोकरी सोडून सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरूनच ग्राफिक डिझाइनचं काम करते. हळदीची पाकिटं, बेदाण्याच्या पेट्या, भडंगाच्या पिशव्या, दोन प्रकाशकांची मुखपृष्ठं, लग्नसराईत पत्रिका. काम आवडतं आणि मिळतंही. एखादा महिना ७०,००० चा जातो, एखादा ९,००० चा. त्याची सवय झाली होती.

जुलैत चिकनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण बोटांचे सांधे असे धरले की पाच आठवडे माउस हातात घेता येईना. पाच आठवडे शून्य रुपये. दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. त्यांचाही इलाज नव्हता, माल पॅकिंगला थांबला होता. नवऱ्याचा पगार आहे, पण घराचा हप्ता आणि मुलाची फी त्यातच जाते. रात्री पडल्या पडल्या एकच विचार यायचा, की माझे हात थांबले तर सगळंच थांबतं.

हात थांबले तरी महिन्याला आठ-दहा हजार येत राहावेत, एवढीच अपेक्षा आहे. हाताशी काय आहे तेही सांगते. साठवलेले साडेतीन लाख, वरच्या मजल्यावर एक रिकामी खोली (संडास-बाथरूम वेगळं) आणि सहा वर्षांच्या कामाची हार्ड डिस्क. 'महिना लाख कमवा'वाले व्हिडिओ बघून झालेत, ते नकोत. ज्यांना खरंच मिळतं त्यांनी आकडा सांगा, किती वर्षं लागली तेही सांगा.

---

खणभाग सात | ११ सप्टेंबर, रात्री ११.०२

माझाही हाच प्रश्न आहे. मी मराठी टायपिंग आणि पुस्तकांची मांडणी करतो. वाचतोय.

---

मिरजवाला | १२ सप्टेंबर, सकाळी ७.१५

ताई, आधी तब्येतीला जपा. चिकनगुनियाचे सांधे काही महिने त्रास देतात, त्यावर रात्ररात्र काम ओढू नका.

मी हिशेबाची कामं करतो, त्यामुळे माझं उत्तर रूक्ष वाटेल. साडेतीन लाखांना उत्पन्नाचं साधन समजायच्या आधी त्यातले सहा महिन्यांच्या खर्चाचे बाजूला काढा. बँकेत मुदत ठेव करा, कधीही मोडता येईल अशी. जुलैत तुम्हाला उत्पन्नापेक्षा या पैशाची गरज होती.

समजा सगळेच पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत टाकलेत, तर सध्याच्या ७.४ टक्क्यांनी महिन्याला २,१५० च्या आसपास येतील. एकाच्या नावावर ९ लाख आणि जोडखात्यावर १५ लाख ही मर्यादा. मुदत ५ वर्षं. पहिल्या वर्षात पैसे काढताच येत नाहीत, ३ वर्षांच्या आत काढले तर मुद्दलातून २ टक्के कापतात, त्यानंतर १ टक्का. म्हणून अडीनडीचा पैसा तिथे ठेवू नये.

---

हरिपूर रोड | १२ सप्टेंबर, सकाळी ९.३०

पोस्टात २,१५०? आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेत याच्यापेक्षा लई जास्त देतात.

---

पांढरी माती | १२ सप्टेंबर, दुपारी १.१०

हरिपूर रोड, भावा, जरा थांब. माझ्या वडिलांचे निवृत्तीचे ४ लाख एका पतसंस्थेत होते, दीड टक्का जास्त मिळतो म्हणून. आज अकरा वर्षं झाली. वडील गेले, पावत्या आईच्या ट्रंकेत आहेत. आई अजून दर महिन्याला चौकशीला जाते.

बँकेतल्या ठेवीला प्रत्येक खातेदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो, फेब्रुवारी २०२० पासून. आधी तो १ लाख होता. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेला तो नाही. हा एवढा फरक आम्हाला कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. म्हणून जिथे बचतीचा विषय निघतो तिथे मी हे लिहितो.

---

हरिपूर रोड | १२ सप्टेंबर, दुपारी १.४०

दादा, माफ करा. खरंच माहीत नव्हतं. आजच घरी सांगतो.

---

आडवाटेचा कॅमेरा | १२ सप्टेंबर, रात्री ८.२५

रेघोटीताई, आकडे मागितलेत म्हणून आकडेच देतो.

२०१९ च्या पुरात स्टुडिओत पाणी शिरलं, त्या वर्षी लग्नाच्या ऑर्डरीही गेल्या. तेव्हा स्टॉक फोटोंच्या, म्हणजे तयार फोटो विकणाऱ्या साइटवर फोटो टाकायला लागलो. पहिल्या वर्षी ३०० फोटो टाकले आणि १,२०० रुपये मिळाले. दुसऱ्या वर्षी ९,०००. आज १,४०० फोटो आहेत आणि महिन्याला सरासरी चार ते पाच हजार येतात. अडोबी स्टॉक ही साइट फोटोच्या विक्रीतले ३३ टक्के देते, बाकीच्यांचे दर वेगळे.

काय विकलं जातं हे कळायला दोन वर्षं गेली. आयर्विन पुलावरचा सूर्यास्त, गणपती मंदिराचा कळस, असले फोटो मी प्रेमाने काढले, पण तसे आधीच ढिगाने असतात. विकली जाते ती शिजवून वाळत घातलेली हळद, बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर पसरलेली द्राक्षं, उसाच्या गाडीचं चाक, ठिबकची नळी. खतांच्या कंपन्या, मासिकं, शेतीचे अहवाल करणारे लोक घेतात. आपल्याला रोज दिसतं म्हणून आपण त्याचा फोटो काढत नाही. मी पहाटे पाचला तासगावकडे जातो, ऊन चढायच्या आत परत येतो.

दोन सूचना. चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाची लेखी संमती लागते, ती मी मराठीत छापून खिशात ठेवतो. आणि साइट अमेरिकेतली असेल तर डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म पॅन नंबर घालून भरा. आपल्या देशाचा त्यांच्याशी करार आहे, त्यामुळे तिथल्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जातो. मी पहिली दोन वर्षं हा फॉर्म भरला नव्हता.

---

खणभाग सात | १२ सप्टेंबर, रात्री ८.५०

मग लग्नाचेच फोटो टाका की दादा! तुमच्याकडं हजारोंनी पडून असतील.

---

शब्दकोडी | १२ सप्टेंबर, रात्री १०.१५

खणभाग सात, तसं मुळीच करू नका. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७. पैसे देऊन कुणी फोटो काढून घेतला तर वेगळा करार नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा. रंगवून घेतलेलं चित्र असेल तरी तेच. लग्नातल्या फोटोंची मालकी नवरा-नवरीच्या घरच्यांची.

लिखाणाचं मात्र वेगळं आहे, आणि रेघोटीसाठी हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. फ्रीलान्स लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक लेखकच. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. करारात मुदत लिहिलीच नसेल तर कलम १९ प्रमाणे तो ५ वर्षांचाच धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता.

मी हे शिकलो ते माझ्या मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकामुळे. एका प्रकाशकाने एक पानी करार केला होता, त्यात मुदत नव्हती. ५ वर्षं झाल्यावर मी पत्र लिहून हक्क परत आल्याचं कळवलं आणि त्याच गोष्टी ई-पुस्तक म्हणून किंडलवर टाकल्या, तिथे मराठी चालतं. महिन्याला सहा-सातशे रुपये येतात. रक्कम लहान आहे, पण त्या पुस्तकाला मी गेल्या तीन वर्षांत हात लावलेला नाही.

---

काकू विश्रामबाग | १३ सप्टेंबर, सकाळी ११.००

रेघोटी, तू आमच्याच भागातली निघालीस. बाळा, वरची खोली रिकामी ठेवून तू इथे काय शोधतेस?

वालचंद कॉलेज जवळ आहे, मुलींना खोल्या मिळत नाहीत. माझ्याकडे गेली चौदा वर्षं मुली राहतात. एका खोलीत दोघी, प्रत्येकी २,५०० धर, म्हणजे ५,०००. कॉट, कपाट, टेबल, गीझर मिळून तीस-चाळीस हजारांत होतं. भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा केली की उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, असं माझ्या भाच्याने सांगितलं. मिरजवाल्यांनी खरं-खोटं सांगावं.

अकरा महिन्यांचा करार करायचाच आणि तो नोंदवायचाच. घर भाड्याने देताना लेखी करार करून नोंदवणं ही कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. पोलिसात माहिती द्यायची. ओळखीची असली तरी.

पण लोक म्हणतात तसं हे काही बसून खाणं नाही हो. मोटर बिघडते, डबेवाली येत नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री एखादी रडत बसलेली असते. तिच्या आईचा फोन मलाच येतो. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा याच पोरींनी आठवडाभर स्वयंपाक केला. तेही त्या भाड्यातच आलं म्हणायचं.

---

मिरजवाला | १३ सप्टेंबर, दुपारी १२.२०

काकू, भाच्याचं बरोबर आहे.

---

कृष्णाकाठ | १३ सप्टेंबर, दुपारी ३.३०

काकूंचं पटतं, पण जागा बघून. माझ्या दोन खोल्या शामरावनगरला होत्या. २०१९ ला आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी ४५), भाडेकरू गेले ते परत आलेच नाहीत. भिंतींची ओल सुकेपर्यंत आठ महिने गेले आणि २०२१ ला पुन्हा तेच. वरच्या मजल्याला ती भीती नाही, विश्रामबागला तर नाहीच. ताई, तुम्ही नशीबवान.

---

तळपती तलवार | १३ सप्टेंबर, संध्या. ६.१०

एवढ्या कष्टापेक्षा शेअर बाजारात ऑप्शन विका. साडेतीन लाखांत आठवड्याला दहा हजार आरामात निघतात. माझा मित्र करतो.

---

मिरजवाला | १३ सप्टेंबर, संध्या. ६.४५

मित्राला तीन वर्षांचं पूर्ण विवरण दाखवायला सांगा, एका आठवड्याचं नको. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे जाहीर केलेत. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त लोकांनी वायदे आणि ऑप्शनमध्ये व्यवहार केले, त्यातले ९३ टक्के तोट्यात गेले. माझ्याकडे विवरणपत्र भरायला येणाऱ्या पोरांचे चेहरे मी बघतो. आजारातून उठलेल्या बाईला हा सल्ला देऊ नका, कळकळीने सांगतो.

---

अडत्याचा नातू | १३ सप्टेंबर, रात्री ९.००

बेदाण्याचं कुणी काढलं नाही अजून? सांगलीत 'जोडधंदा' म्हटलं की हेच पहिलं ऐकू येतं. मार्च-एप्रिलला माल घ्यायचा, कोल्ड स्टोरेजला ठेवायचा, दिवाळीच्या आधी काढायचा. नोकरदार माणसंही पाच-दहा पेट्या घेतात.

आमची तिसरी पिढी या धंद्यात आहे, म्हणून सांगतो, ताई, लांब राहा. सौद्यात, म्हणजे लिलावात, हात घालून माल ओळखावा लागतो. हिरवा, पिवळा, काळा, गोलाई, चिकटपणा, काडी किती. दर वर खाली झाला तरी कोल्डचं भाडं चालूच. रंग उतरला की दर उतरला. वाढला तर लोक गावभर सांगतात, पडला तर गप्प बसतात. यात कमावतो तो रोज तासगावच्या सौद्यात उभा असतो, ते घरबसल्या होत नाही.

---

पांढरी माती | १३ सप्टेंबर, रात्री ९.३०

+१. आणि पिकवणाऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, आमच्या द्राक्षाला अवकाळीने गाठलं की तुमचा बेदाणा महाग होतो. त्या वाढलेल्या पैशात मला तरी गोडी वाटत नाही.

---

अडत्याचा नातू | १३ सप्टेंबर, रात्री ९.४८

हे मात्र खरं आहे. मान्य. बरं, हरिपूरची पेवं कुणी बघितलीत का? जमिनीत खोल खड्डे, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही. पुरांनी बरीचशी गेली. आजोबा म्हणायचे...

---

शब्दकोडी | १३ सप्टेंबर, रात्री १०.०५

पेवांवर वेगळा धागा काढा, नक्की वाचू. इथे ताईंचा प्रश्न राहतोय.

---

नेपथ्य | १४ सप्टेंबर, सकाळी ८.२०

मी निवृत्त शिक्षक. बालनाट्यं आणि एकांकिका लिहितो. ही नाट्यपंढरी, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच पहिला प्रयोग केला, तेव्हा नाटकवाल्याचं म्हणणंही ऐका.

माझ्या अकरा संहिता छापलेल्या आहेत. स्पर्धेत उतरणारे संघ, गणेश मंडळं, महिला मंडळं त्या करतात आणि प्रत्येक प्रयोगाला ५०० रुपये परवानगीचं मानधन पाठवतात. वर्षाला चाळीस-पन्नास प्रयोग होतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी पालकांसमोर केलं तर त्याला कायद्यानेच सूट आहे, तिथे मी मागत नाही. मागावंसं वाटतही नाही. मुलांनी करावं म्हणून तर लिहिलं.

सुरुवातीला कुणीच पैसे देत नव्हतं. मग मी पुस्तकाच्या पहिल्या पानावर दोन ओळी छापल्या: 'प्रयोगापूर्वी लेखकाची लेखी परवानगी आवश्यक. मानधन पत्त्यावर पाठवावे.' लोक आपणहून पाठवू लागले. माणसं वाईट नसतात, त्यांना सांगावं लागतं.

रेघोटी, तुम्ही एकदा काढलेली नक्षी अशी 'प्रयोगा'ला देता येते का, एवढंच सुचवतो.

---

रेघोटी | १४ सप्टेंबर, रात्री ११.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, उद्या संध्याकाळी तुमच्या खोल्या बघायला येते.

सर, तुमच्या शेवटच्या वाक्यावर दिवसभर थांबले. माझ्याकडे एकही लेखी करार नाही. सहा वर्षांत एकही नाही. शब्दकोडी, हार्ड डिस्कवरची लेबलं तर त्या त्या गिऱ्हाइकाच्या नावाची, बोधचिन्हाची. ती दुसऱ्याला देता येणार नाहीत, बरोबर ना?

---

शब्दकोडी | १५ सप्टेंबर, सकाळी ७.४०

बरोबर. कायद्यात कदाचित वाद घालता येईल, पण हळदवाल्याची पिशवी दुसऱ्या हळदवाल्याला दिलीत तर सांगलीत तोंड दाखवता येणार नाही. जुन्या फायली विसरा. सहा वर्षांत कुठली गोष्ट तुम्ही पुन्हा पुन्हा नव्याने काढलीत ते आठवा. ती एकदा स्वतःसाठी, कुणीही सांगितलेली नसताना काढा. तिचे हक्क निर्विवाद तुमचे.

---

रेघोटी | १५ सप्टेंबर, सकाळी ८.०५

पत्रिकेच्या चौकटी. तोरण, केळीचे खांब, मुंडावळ्या, गणपती. दर हंगामात तीस वेळा.

---

खणभाग सात | १५ सप्टेंबर, सकाळी ८.१०

ताई!! मी रोज प्रेसवाल्यांकडं असतो. सगळे तेच पंधरा वर्षांपूर्वीचे गणपती वापरतात, ताणून ताणून पार चपटे झालेत. बोला तुम्ही, मी गाठ घालून देतो.

---

रेघोटी | २६ जानेवारी, दुपारी ४.१५

धागा वर आणतेय, कारण आकडे मागितले होते तर आकडे द्यायला हवेत.

खोली: काकूंनी स्वतः येऊन कॉट कुठे ठेवायची ते सांगितलं. ३४,००० खर्च झाला. ऑक्टोबरपासून दोन मुली आहेत, एक जतची, एक पंढरपूरची. ५,००० येतात. करार नोंदवलाय.

बचत: १,८०,००० मोडता येण्यासारख्या मुदत ठेवीत, बँकेत. खोलीचा खर्च जाऊन उरलेल्यातले १,२०,००० पोस्टात, त्याचे महिन्याला ७४० येतात.

चौकटी: दसऱ्यापर्यंत चोवीस काढल्या. रात्रीचं काम केलं नाही, मिरजवाले दादांना दिलेला शब्द पाळला. रोज सकाळी दीड तास. मुंडावळ्यांसाठी आजीच्या पेटीतल्या खऱ्या मुंडावळ्या समोर ठेवून काढल्या. खणभाग सातने गणपती पेठेतल्या दोन आणि मिरजेतल्या एका प्रेसशी गाठ घालून दिली. एका पत्रिकेला वापरली की १५० रुपये, छपाई कितीही असो. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले. नोव्हेंबरात ४ वेळा वापरल्या, डिसेंबरात ११ वेळा. जानेवारीत आजपर्यंत १९, म्हणजे २,८५०.

एक प्रेसवाले काका हिशेबाची वही स्वतःहून दाखवतात. दुसऱ्या ठिकाणी माझी चौकट मला न सांगता वापरलेली दिसली, एका लग्नात हातात पत्रिका आली तेव्हा. त्या दिवशी जेवण गेलं नाही. भांडले नाही अजून, पण कागद करायला हवा हे कळलं. नेपथ्य सर, शब्दकोडी, एक पानाचा, मराठीत, प्रेसवाल्याला वाचून पटेल असा मजकूर द्याल का?

---

काकू विश्रामबाग | २६ जानेवारी, संध्या. ५.००

जेवण टाकायचं नाही. रात्री डबा पाठवते, मुलींबरोबर तूही जेव.

---

नेपथ्य | २६ जानेवारी, रात्री ९.३५

मी सुरुवात करतो, शब्दकोडी दुरुस्त करतील.

'सोबत जोडलेल्या २४ चौकटी _____ यांनी स्वतः काढलेल्या असून त्यांचे हक्क त्यांच्याकडेच राहतील. _____ प्रेसला या चौकटी सांगली जिल्ह्यातील ग्राहकांच्या पत्रिकांसाठी १ वर्ष वापरण्याची परवानगी आहे. दर पत्रिकेमागे रु. १५०. दर महिन्याच्या ५ तारखेला वापरलेल्या चौकटींची यादी आणि प्रत्येकी एक छापील पत्रिका देण्यात येईल.'

छापील पत्रिका मुद्दाम मागितली आहे. माझ्याकडे प्रयोगाची जाहिरातपत्रकं येतात, ती मी जपून ठेवतो.

---

शब्दकोडी | २६ जानेवारी, रात्री १०.२०

सर, छान. दोन शब्द घाला: 'परवानगी' च्या आधी 'केवळ वापराची, हस्तांतर न करता येणारी'. आणि 'चौकटीत बदल करायचा झाल्यास विचारून'. नाहीतर गणपती पुन्हा चपटे होतील. दोन प्रती, दोघांच्या सह्या, एक साक्षीदार.

---

खणभाग सात | २६ जानेवारी, रात्री १०.३१

साक्षीदार मी. उद्या अकराला गणपती पेठेत येतो, ताई. दुसऱ्या प्रेसला आधी जाऊ.